सदऱ्याच्या गुंड्या

माझा मावसभाऊ आज ४६ वर्षांचा आहे. जन्मतः डाऊन सिंड्रोम असल्यामुळे त्याची समज सर्वसामान्य माणसाइतकी वाढली नाही. तथापि मावशी हयात असेतोपर्यंत सकाळी उठून स्वतःचे अंथरूण काढणे, जुनी वर्तमानपत्रे एकावर एक नीट रचून ठेवणे, आणि आंघोळ झाल्यावर इस्त्रीचा सदरा अंगात घालून त्याच्या सहाही गुंड्या खालून वर अशा क्रमाने लावणे, ही कामे तो कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता करीत असे. खालून वर हा क्रम मावशीने लावून दिलेला होता, कारण वरून सुरुवात केली की शेवटी एक काज हमखास उरे.

मावशी गेल्यानंतर आम्ही नातेवाइकांनी चार ठिकाणी चौकशी करून त्याला एका निवासी संस्थेत ठेवले. संस्थेची फरशी लख्ख होती, आहाराचा तक्ता भिंतीवर टांगलेला होता, औषधांच्या रजिस्टरात प्रत्येक डोसापुढे सही होती, आणि दर महिन्याला डॉक्टर येऊन जात असत. आठ महिन्यांनी दिवाळीला तो घरी आला. अभ्यंगस्नान आटोपल्यावर मी नवा सदरा त्याच्या हाती दिला, तेव्हा अंगात चढवून तो दोन्ही हात किंचित बाजूला धरून तसाच उभा राहिला. लहान मूल दुसऱ्याने कपडे घालावेत म्हणून उभे राहते तसा. गुंडी ही गोष्टच त्याच्या बोटांच्या स्मरणातून गेली होती. पुढे चौकशी करता कळले, की सकाळच्या पाळीला २८ पुरुषांच्या मागे दोनच मदतनीस मावश्या असत, त्यांना तासाभरात सर्वांना तयार करावे लागे, आणि गुंड्यांत फार वेळ मोडतो म्हणून सर्वांना गोल गळ्याचे शर्ट आणि इलॅस्टिकच्या पँटी देण्याची पद्धत पडली होती. कोणी त्याला मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते, की टाकून बोलले नव्हते. त्या मावश्यांवर ठपका ठेवावा असेही मला कधी वाटले नाही, कारण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या निवासाची प्रत कशावरून ओळखावी, हा प्रश्न त्या दिवाळीपासून माझ्या मनातून हललेला नाही. साधारणतः आपण स्वच्छता पाहतो, जेवण पाहतो, औषधपाणी वेळेवर होते की नाही ते विचारतो, आणि या तिन्हींची खातरजमा झाली की निश्चिंत मनाने परत फिरतो. या गोष्टी आवश्यक आहेतच, आणि ज्या ठिकाणी त्याही नाहीत तेथे पुढचे काही बोलणेच व्यर्थ. परंतु या सर्व गोष्टी सांभाळाच्या आहेत, आणि सांभाळ उत्तम असूनही माणसाचे जगणे मात्र दिवसेंदिवस आकसत जाऊ शकते, हे मला त्या मोकळ्या राहिलेल्या सदऱ्याने शिकविले.

या प्रश्नाचा दीर्घ विचार युरोप-अमेरिकेत झाला, आणि तो ज्या अनुभवांतून झाला ते अनुभव भयंकर होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना गावाबाहेरच्या प्रचंड इस्पितळांत आयुष्यभर ठेवावयाचे, ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतील रूढ व्यवस्था होती. १९५८ साली जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञाने लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधून १६ मुले उचलून सरे परगण्यातील ब्रूकलँड्स नावाच्या एका मोठ्या घरात नेली, कुटुंबासारखे लहान लहान गट करून त्यांना वाढविले, आणि दोन वर्षांनी त्यांची तुलना इस्पितळातच राहिलेल्या तशाच १६ मुलांशी केली, तेव्हा घरात राहिलेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे गेल्याचे दिसून आले. पुढे १९६७ मध्ये कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधील छळाच्या तक्रारी वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाल्या, १९६९ मध्ये त्यांचा चौकशी अहवाल बाहेर आला, आणि दोन वर्षांनी ब्रिटिश सरकारने ही इस्पितळे कमी करण्याचे धोरण जाहीर केले. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या विलोब्रूक या संस्थेत ४,००० माणसांची सोय असलेल्या इमारतींत ६,००० हून अधिक माणसे कोंबलेली होती. १९७२ साली दूरचित्रवाणीवर तेथील दृश्ये दाखविली गेली तेव्हा तो देश हादरला, तरी ती संस्था पूर्णपणे बंद होण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

या सर्व घडामोडींत मला अधिक मोलाचा वाटतो तो १९६९ साली स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी मांडलेला एक साधा विचार. त्यांचे म्हणणे असे, की अक्षमता कितीही तीव्र असो, माणसाच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला इतरांच्या दिवसासारखीच लय असली पाहिजे: सकाळी उठून कपडे घालावेत, राहावयाची जागा आणि कामाची जागा निराळी असावी, घरातल्या मोठ्या माणसाला धाकट्यांच्या आधी झोपावयास लावू नये, सणवार यावेत, सुटी असावी, आणि वयाप्रमाणे मान मिळावा. आपल्याकडे या विचाराची कसोटी एका शब्दावर लावता येईल. बहुतेक निवासी संस्थांत चाळीस-पन्नास वर्षांच्या स्त्रीपुरुषांना ‘मुले’ म्हणतात. मायेने म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला मूल म्हटले त्याला किती वाजता झोपावे, कोणता सदरा घालावा, कोणाशी बोलावे, हे ठरविण्याचा अधिकारही आपोआपच उरत नाही.

या विचारातूनच पुढे इंग्रजीत ज्याला सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात ती पद्धत आकाराला आली. तिचे मर्म असे, की घर आणि मदत या दोन गोष्टी एकाच्या मुठीत असू नयेत. भाडेपट्टा राहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावे असावा, मदतनीस पुरविणारी संस्था निराळी असावी, म्हणजे मदतनीस पसंत पडला नाही तर छप्पर न गमावता तो बदलता येतो. कोणाला दिवसातून दोन तास मदत पुरते, कोणाला चोवीस तास लागते. ती त्याच्या घरात त्याच्या गरजेप्रमाणे यावी, मदतीसाठी त्याला घर सोडून जावे लागू नये. कल्पना उदात्त आहे, आणि तिच्यात एक दुबळा सांधाही आहे. इंग्लंडमध्ये या मदतीची तपासणी केअर क्वालिटी कमिशन करते, परंतु घर त्या माणसाचे असल्यामुळे निरीक्षकाला त्याच्या संमतीवाचून आत पाऊल टाकता येत नाही. दाराचा मान राखणे योग्यच. मात्र दाराआड चुकीचे काही चालले असेल तर ते पाहणारा डोळाही त्यामुळे कमी होतो, आणि मग शेजारी, नातेवाईक, मित्र यांची वर्दळ हाच खरा पहारा ठरतो.

केवळ आकार लहान केला किंवा पैसा अधिक ओतला म्हणजे प्रत सुधारते, हा समज तर तेथेच खोटा ठरला. ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे २४ खाटांचे खाजगी रुग्णालय २००६ साली उघडले, आणि एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड आकारणी तेथे होत असे. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले तेथील अत्याचार दाखविले. एका ज्येष्ठ परिचारकाने आधीच केलेल्या तक्रारी दफ्तरात पडून राहिल्या होत्या, हेही उघड झाले. पुढच्या वर्षी ११ कर्मचारी दोषी ठरले आणि त्यांपैकी सहाजण तुरुंगात गेले. अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्या सर्वांना जून २०१४ पर्यंत वस्तीतल्या घरांत आणू, असे वचन सरकारने दिले, आणि ते मुदतीत पाळले गेले नाही.

तेथील केंट विद्यापीठात जिम मॅन्सेल नावाचे प्राध्यापक होते. २०१२ साली ते वारले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संस्थांतून लहान घरांत आलेल्या माणसांचे दिवस अक्षरशः मिनिटामिनिटाने पाहून टिपले. त्यांना आढळले ते असे, की सुंदर सजविलेल्या, वस्तीतल्या, चार-पाच माणसांच्या घरांतही अनेकांचा बराचसा दिवस काहीही न करता बसून जातो, आणि एकाच तऱ्हेच्या दोन घरांत याबाबत जमीनअस्मानाचे अंतर असते. ते अंतर कर्मचाऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मदत करण्याच्या रीतीने पडते. या रीतीला अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट असे नाव आहे. तिचे वर्णन ग्रंथात वाचले तेव्हा मला ती कोरडी वाटली; ती समजली एका ओट्यापाशी.

माझ्या भावाला आम्ही त्या संस्थेतून काढून एका लहान घरात हलविले होते. सोसायटीतला तळमजल्यावरचा साधा भाड्याचा फ्लॅट, त्यात चारजण, आणि पाळीपाळीने येणाऱ्या दोन मदतनीस बायका. मी गेलो ती दुपारची वेळ होती आणि चहा व्हावयाचा होता. बाईंनी पातेले त्याच्या हाती दिले. त्याने ठरलेल्या कपाने चार कप पाणी मोजून ओतले. मोजताना तो मोठ्याने आकडे म्हणत होता आणि तीननंतर अडखळला, तेव्हा बाईंनी चार असे न सांगता नुसता रिकामा चौथा कप त्याच्यासमोर सरकविला. गॅसचे बटण त्यानेच फिरविले, लायटर बाईंनी पेटविला. मग त्या म्हणाल्या, “दादा, लक्ष ठेवा हं, वर आला की मला सांगा.” त्या कांदा चिरावयास लागल्या, पाठ मात्र त्यांनी फिरविली नाही. चहा वर आला, तो ओरडला, बाईंनी आच कमी केली. गाळताना त्यांनी आपला तळवा त्याच्या मनगटाखाली धरला, पण टेकविला नाही. बोटभर अंतर ठेवले. थोडा चहा ओट्यावर सांडला, आणि त्याने तो स्वतःच फडक्याने पुसला. पहिल्या आठवड्यात हात धरूनच गाळून घेत होते, पुढच्या आठवड्यात तळवा टेकवीत होते, आता नुसता खाली धरते, असे बाईंनी मला नंतर सांगितले. पाच मिनिटांच्या चहाला वीस मिनिटे लागली.

त्या बोटभर अंतरात मला या विषयाचे सारे शास्त्र दिसले. काम त्याच्याऐवजी करून टाकणे सोपे, आणि ‘तुझे तू कर’ म्हणून निघून जाणेही सोपे; अवघड आहे ते या दोहोंच्या मधे, जेथे अडेल तेवढ्याच जागी आणि अडेल तेवढीच मदत करणे, आणि उद्या त्याहून थोडी कमी करणे. हे करण्यासाठी त्या माणसाला ओळखावे लागते, आणि ओळख होण्यास महिने लागतात. आरोग्याच्या दृष्टीनेही ही ओळख फार महत्त्वाची आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांत थायरॉइडची कमतरता इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि अल्झायमरचा स्मृतिभ्रंश इतरांच्या कितीतरी आधी, पुष्कळदा पन्नाशीच्या सुमारास, सुरू होऊ शकतो. त्याची एक सुरुवातीची खूण म्हणजे येणारी कामे हळूहळू न येणे. पण ज्या ठिकाणी माणसाला एकही काम करू दिले जात नाही, तेथे त्याचे कोणते काम सुटले हे कोणाला कसे कळावे? आठ महिन्यांनी भाऊ सदरा मोकळा ठेवून उभा राहिला तेव्हा हा आजार की विसर, हे त्या संस्थेतील एकाही व्यक्तीला सांगता येईना, कारण त्याला गुंडी लावताना त्यांच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते. आम्ही तपासण्या करून घेतल्या, त्या निर्दोष निघाल्या, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला.

आपल्या देशात कायद्याची उणीव नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. त्याच्या १९ व्या अनुच्छेदात कोठे व कोणाबरोबर राहावे हे निवडण्याचा हक्क नमूद आहे, आणि भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या पाचव्या कलमातही समाजात राहण्याच्या हक्काची तरतूद आहे. त्यापूर्वीच १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे, आणि प्रौढांच्या सामूहिक निवासासाठी ‘घरौंदा’ ही योजना त्याचीच. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे पालकत्व कायद्याने संपते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून ते पुन्हा मिळवावे लागते, हे कित्येक पालकांना बँकेच्या काउंटरवर अडविले जाईपर्यंत माहीत नसते. म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो.

महाराष्ट्रात या कामाचा खरा भार वाहिला तो पालकांनी. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था किंवा डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने उभारलेले ‘घरकुल’ ही अशाच आईबापांची कामे, ज्यांनी ‘आमच्या मागे याचे काय’ या प्रश्नाला घाबरून न बसता विटा आणि सिमेंट गोळा केले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. त्यांच्याच प्रेमाने धीर येऊन असेही वाटते, की पुढच्या पिढीने हे काम गावाबाहेरच्या आवारातून गावातल्या गल्लीत आणावे. तसे होऊ शकते, याचा एक दाखला आपल्याच कोकणात आहे. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ नावाने एक रीत चालविली: मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या, घरी परत नेणारे कोणी नसलेल्या स्त्रियांनी चार-पाचजणींनी मिळून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहावे आणि मदतीला स्थानिक बाई असावी. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील स्त्रियांसाठीही अशी घरे निघाली. जिच्या हाती कित्येक वर्षे स्वतःच्या दाराची कडी नव्हती, तिला ती स्वतः लावता-काढता येते, यातच मला त्या घरांचे मोल दिसते.

यात दुखणे एकच, आणि ते बोलून दाखविल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. तळवा बोटभर अंतरावर धरण्याचे ते सूक्ष्म काम जी बाई करते, तिचा पगार सर्वांत कमी, पाळी पुष्कळदा बारा तासांची, शिक्षणाची सोय जवळजवळ नाही, आणि आठवड्याची सुटीही कोणी बदली मिळाली तर. अशी बाई वर्षभरात काम सोडते, नवी येते, आणि पोटात दुखले की हा माणूस कान धरतो ही जुन्या बाईला ठाऊक असलेली गोष्ट तिच्याबरोबरच निघून जाते. मी एका शासकीय तपासणीच्या वेळी हजर होतो. खाटा मोजल्या गेल्या, शौचालये मोजली गेली, अग्निशमनाचा दाखला पाहिला गेला, हजेरीपत्रकावर शेरा लिहिला गेला, आणि यांतले एकही काम अनावश्यक नव्हते. पण किती बायका गेल्या वर्षी काम सोडून गेल्या, हे विचारण्यास त्या छापील नमुन्यात रकानाच नव्हता. तो रकाना असावा, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.

आपल्या माणसासाठी जागा पाहावयास जाणाऱ्याने वार्षिकोत्सवाला जाऊ नये. वर्दी न देता एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहाला जावे. त्या वेळी दूरदर्शन संच चालू असेल तर त्यापुढे बसलेल्यांपैकी कोणी कार्यक्रम निवडला ते विचारावे. कपाटे उघडून ज्याचे कपडे त्याच्याच अंगावर असतात का ते पाहावे. न्हाणीघराला आतून कडी आहे का, घरात चहा मागून मिळतो की ठरल्या वेळीच, ज्याला बोलता येत नाही तो तक्रार कशी करतो, आणि पगार घेणाऱ्यांवाचून त्याला भेटावयास कोण येते, हेही विचारावे. आणि मदतनीस बाई त्याच्याविषयी त्याच्यादेखत कशा शब्दांत बोलतात ते कान देऊन ऐकावे. फरशी सर्वांत शेवटी पाहिली तरी चालेल.

भावाला गुंड्या पुन्हा यावयास पाच महिने लागले. खालच्या पाच आता त्याला सहज लागतात. गळ्याजवळची सहावी दिसत नसल्यामुळे बोटांनीच शोधावी लागते, आणि तिथे तो फार रेंगाळतो. परवा सकाळी मी तेथे होतो. कार्यशाळेला नेणारी रिक्षा फाटकाशी येऊन उभी होती, तिने दोनदा भोंगा वाजविला. तो आरशासमोर हनुवटी वर करून उभा होता, आणि बाई त्याच्या शेजारी हात मागे बांधून उभ्या होत्या. तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा त्या खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर डोकावून म्हणाल्या, “भाऊ, थांबा जरा. दादांची एक गुंडी राहिलीय.”